राजाच्या नावाचं म्युझियम

पुण्यात 'केळकर म्युझियम' कुठं आहे असं कुणालाही विचारा, बरोबर पत्ता मिळेल. शुक्रवार पेठ, बाजीराव रोडच्या बाजूला, नातूबागेत. पण पाटीवरचं पूर्ण नाव वाचलं की गोंधळ सुरू होतो. 'राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय'. इथं एश्बॉर्नमध्ये माझ्या जर्मन सहकाऱ्यांना मी एकदा तिथले फोटो दाखवत होतो, तर त्यांनी सरळ विचारलं, हा कुठला राजा? त्याचं राज्य कुठं होतं? त्यांना काय बोल लावणार! आपल्याकडेही किती तरी जणांना हे कुणा संस्थानिकाचं म्युझियम वाटतं.

खरं उत्तर मराठी माणसाला एका क्षणात कळायला हवं. आपल्याकडे नाव लिहायची पद्धत काय? आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे राजा हे मुलाचं नाव आणि दिनकर हे वडिलांचं. शाळेच्या हजेरीपटावर मास्तर लिहितात तसं ते एका मुलाचं साधं, पूर्ण नाव आहे. राजा हा दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा, तो वयाच्या सातव्या वर्षी गेला. वडिलांनी आयुष्यभर गोळा केलेल्या हजारो वस्तूंवर स्वतःचं नाव नाही लावलं, त्याचं लावलं.

मंडळी, दिवाळी अंकाला लेख द्या असा निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हे केळकर. मी काही इतिहासाचा किंवा कलेचा अभ्यासक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, रोजचं काम डेटाबेसचं. पण दिव्यांच्या सणाला ज्या माणसानं दिवेसुद्धा जमवून ठेवले, त्याची गोष्ट सांगावीशी वाटली.

चष्म्याचं दुकान आणि कविता

दिनकर गंगाधर केळकरांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. व्यवसाय चष्म्यांचा. म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांना नीट दिसावं याची सोय करायची आणि उरलेल्या वेळात, इतरांना जे दिसत नव्हतं ते स्वतः बघत हिंडायचं. शिवाय ते कवी होते. 'अज्ञातवासी' या टोपणनावानं लिहायचे. त्या काळी कवींनी टोपणनाव घ्यायची पद्धतच होती, त्यामुळे यात विशेष काही नाही असं वाटेल. पण पुढे त्यांनी जे केलं ते पाहिलं की हे नाव फारच नेमकं वाटतं. त्यावर नंतर येतोच.

त्यांना इतिहासाची ओढ होती. इतिहासावर लिहायचं तर जुनं काहीतरी हातात घेऊन बघावं, या ओढीतून 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात झाली. इतिहासवेड्या माणसाची नजर आधी कुठं जाणार? तलवारी, ढाली, शस्त्रं. पण केळकर तिथं थांबले नाहीत. हळूहळू त्यांचं लक्ष घरातल्या वस्तूंकडे वळलं. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपं, फण्या, बाहुल्या, हुक्के, देवघरातल्या मूर्ती, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दारं आणि खिडक्या. आणि वाद्यं!

आज हे वाचताना सोपं वाटतं. त्या काळी ही गोष्ट चमत्कारिक होती. संग्रह करायचा तर राजेरजवाड्यांनी, चित्रांचा आणि हिऱ्यामाणकांचा करायचा. आजीच्या अडकित्त्याला कोण म्युझियममध्ये ठेवतं? पण केळकर गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, बाजार पालथे घातले. महाराष्ट्रात फिरले, तसे गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतही गेले. पदरचे पैसे घातले. पत्नी कमलाबाईंची त्यांना पूर्ण साथ होती. चष्म्याच्या धंद्यात कितीसं मिळणार? आणि नवऱ्यानं मिळकत अशी पितळेत आणि लाकडात घातल्यावर घर कसं चालवायचं, हा हिशोब त्या माउलीनंच सांभाळला असणार. संग्रहाचं श्रेय देताना हा अर्धा वाटा आपण सहसा विसरतो.

मोराचं वाद्य, पोपटाचा अडकित्ता

म्युझियममध्ये सगळ्यात जास्त वेळ मी वाद्यांच्या दालनात काढतो. तिथं ताऊस नावाचं वाद्य आहे. ताऊस म्हणजे फारसीत मोर. यालाच आपण मयूरवीणा म्हणतो. हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, दिलरुब्याच्या घराण्यातलं. याची खालची पोकळ लाकडी पेटी म्हणजेच मोराचं शरीर. पुढं मान आणि चोच, खाली पाय, अंगावर रंग. पेटीच्या तोंडावर कातडं ताणलेलं, वर पडदे बांधलेला लांब दांडा आणि मुख्य तारांच्या खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफा. बाहेरून बघाल तर शिल्प, वाजवाल तर वाद्य. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानच्या दरबारांत याची चलती होती, आणि शिखांच्या कीर्तनात आजही ते ऐकायला मिळतं.

कारागिरानं मोरच का निवडला असेल? नुसती सजावट म्हणून नाही. मोर हे सरस्वतीचं वाहन मानतात. शिवाय आपल्या जुन्या संगीतग्रंथांत सात स्वरांचं नातं प्राण्यापक्ष्यांच्या आवाजाशी जोडलेलं आहे. त्यात षड्ज मोराचा, मध्यम क्रौंचाचा आणि पंचम कोकिळेचा. म्हणजे 'सा' लावायचा तर मोरापासून सुरुवात! ज्याच्या गळ्यातून पहिला स्वर आला असं मानलं, त्याच्याच आकाराचं वाद्य करायचं, असा साधा, सरळ विचार त्यामागे दिसतो. (मोराचा आवाज प्रत्यक्षात ऐकलेल्यांनी मनातल्या मनात हसून घ्यावं.)

एकदा पक्षी दिसायला लागले की मग ते सगळीकडे दिसतात. तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या तारेवर सूर बारीक मिळवण्यासाठी जो मणी असतो, तो पुष्कळदा हंसाच्या आकाराचा असतो. मिरजेला हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली आणि तलवारींची मागणी संपत असताना त्या घराण्याचे हात वाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल.

केळकरांच्या दालनांत अडकित्ते बघा. दोन पात्यांचं साधं यंत्र, सुपारी कातरायचं. पण कुणी त्याचा पोपट केलाय, कुणी मोर. वज्री बघा, टाचा घासायची. आमच्या पिढीनं ती फक्त खडबडीत पाहिली. इथं पितळी वज्रीच्या पाठीवर मोर, हत्ती, घोडे उभे आहेत. अहो, टाचा घासायच्या वस्तूवर इतकी कलाकुसर! वापरणारी बाई अंघोळीच्या वेळी ती रोज हातात घेणार, तेव्हा तिच्या हाताला आणि डोळ्याला बरं वाटावं, एवढाच हेतू.

आणि दिवे. दिव्यांच्या बाबतीत माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आपल्याकडच्या काही जुन्या लटकत्या दिव्यांत साखळीला एक पक्षी किंवा हत्ती असतो आणि त्याच्या पोटात तेल भरलेलं असतं. खालच्या पणतीतलं तेल जळत कमी झालं की पक्षी आपणहून तेल सोडतो, आणि पातळी पूर्ववत झाली की थांबतो. सेन्सर नाही, मोटर नाही. तत्त्व असं, की पोट वरून घट्ट बंद असतं आणि तेलाच्या नळीचं तोंड पणतीतल्या तेलात बुडालेलं असतं. ते बुडालेलं आहे तोवर आत हवा शिरत नाही, म्हणून तेल बाहेर येत नाही. पातळी खाली गेली की तोंड उघडं पडतं, हवेचा बुडबुडा आत जातो आणि तेवढं तेल खाली येतं. ऑफिसात पाण्याचा उलटा ठेवलेला जार असतो ना, अगदी तेच. असाच एक प्रसिद्ध हत्तीचा दिवा जोगेश्वरीला सापडला होता, तो मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. आम्ही कॉलेजात फीडबॅक कंट्रोल शिकलो तेव्हा उदाहरणं सगळी परदेशी यंत्रांची होती. हे उदाहरण देवघरात टांगलेलं होतं, कुणी दाखवलं नाही इतकंच.

का जमवलं?

केळकरांनी हे सगळं ज्या काळात जमवलं, तो काळ लक्षात घ्यायला हवा. त्यांच्या हयातीत महाराष्ट्रातलं घर आतून-बाहेरून बदललं. 1947 नंतर संस्थानं विलीन झाली, म्हणजे कारागिरांचा आणि गवयांचा आश्रय गेला. कूळकायदा आला, गावाकडची मोठी घरं रिकामी होऊ लागली, माणसं शहरात दोन खोल्यांत राहायला आली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात पडले. जे राहिले त्यांच्या जागी पुढं अपार्टमेंट उभी राहिली. वीज आली, समया-लामणदिवे माळ्यावर गेले. स्टेनलेस स्टील आलं. कल्हईची कटकट नाही, चिंचेनं घासणं नाही! मग पितळ मोडीत निघालं. मोडीच्या तराजूला मोर कळत नाही, फक्त किलो कळतात.

त्या बायकांनी स्टील घेतलं यात त्यांची काही चूक नव्हती. रोज ढीगभर पितळी भांडी घासणाऱ्या बाईला जुन्याचं कौतुक सांगणं सोपं आहे, घासून बघावं म्हणजे कळेल. पण त्या उलाढालीत वितळून गेलं ते परत येणार नव्हतं, हे केळकरांना इतरांच्या आधी दिसलं. सगळं सावरणं शक्यच नव्हतं. जमेल तेवढं त्यांनी सावरलं. बाजीराव पेशव्यांनी कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषसुद्धा त्यांनी आणले आणि म्युझियममध्ये पुन्हा उभे केले. चष्म्याचा दुकानदार एक महाल उचलून आणतो, हे आजच्या काळातही कुणी मनावर घेणार नाही!

1960 पर्यंत संग्रहात सुमारे 15,000 वस्तू झाल्या होत्या. 1962 मध्ये म्युझियमची स्थापना झाली. आणि 1975 मध्ये केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. विकला नाही. वयाच्या ऐंशीच्या घरात असलेल्या माणसानं पन्नास-पंचावन्न वर्षांची कमाई दिली, आणि त्यावर मुलाचं नाव ठेवलं.

इथं मला आमच्या शेजारच्या फ्रँकफुर्टची एक गोष्ट आठवते. माइन नदीकाठी श्टेडेल म्युझियम आहे, तुमच्यापैकी बरेच जण पाहुण्यांना घेऊन तिथं गेले असाल. योहान फ्रीडरिश श्टेडेल हे तिथले व्यापारी आणि बँकर. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. 1815 च्या मृत्युपत्रानं त्यांनी आपली चित्रं, घर आणि पैसा, सगळं शहरासाठी एका संस्थेच्या नावे केलं. पुढच्याच वर्षी ते गेले. मग दूरच्या नातेवाइकांनी दावा लावला तो कित्येक वर्षं चालला. पण संस्था टिकली. दोन्ही गोष्टींत वारस नसलेली माणसं आहेत असं म्हणावंसं वाटतं, पण ते तितकंसं खरं नाही. श्टेडेलांजवळ बँकरची दौलत होती, केळकरांजवळ चष्म्याचं दुकान. श्टेडेलांनी आपलं नाव ठेवलं, केळकरांनी राजाचं. आणि श्टेडेलांची चित्रं नामांकित चित्रकारांची होती, केळकरांच्या वस्तू अनामिक माणसांच्या.

तयार करणारा: अज्ञात

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. गेल्या सुट्टीत मुलीला म्युझियम दाखवलं. ती आठ वर्षांची, इथं शाळेत जाते, व्हायोलिन शिकते. मोरापाशी थांबली आणि तिनं विचारलं, बाबा, हे कुणी केलं? तिच्या व्हायोलिनच्या बाईंनी तिला स्ट्रादिवारीचं नाव सांगितलं होतं, म्हणून तिला वाटलं याचंही नाव असणार. मी पाटी वाचली. वस्तूचं नाव होतं, कुठली ते होतं, काळ होता. करणाऱ्याचं नाव नव्हतं. पोपटाच्या अडकित्त्याखालीही नव्हतं, वज्रीखालीही नव्हतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर हजारो रेकॉर्ड्स आणि त्यातला एक रकाना सगळीकडे रिकामा. सुतार, तांबट, लोहार, ओतारी, कुंभार. कुणी आपल्या कामावर सही केली नाही आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. ज्या जातींच्या हातांनी हे घडलं त्यांची नावं वहीत लिहायची रीतच आपल्याकडे नव्हती, हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं. अशा माणसांची कामं जमवणारा कवी स्वतःला 'अज्ञातवासी' म्हणवत होता. त्यानं नाव घेतलं तेव्हा असं काही ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पण नाव नसलेल्या लोकांचं काम त्यानं सांभाळलं, आणि शेवटी पाटीवरून स्वतःलाही बाजूला ठेवून ज्याला आयुष्यात काही करायला वेळच मिळाला नाही त्या मुलाला पुढं केलं, हे मात्र खरं.

याची एक दुसरी बाजू आहे, आणि मला तिचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. काचेमागचा मोर वाजत नाही. वाद्याला हात लागला नाही तर ते मुकं होतं, लाकूड सुकतं, तारा गंजतात. दिव्यात तेल नाही, अडकित्त्याला सुपारी नाही. वस्तू वाचली पण तिचं काम गेलं. मिरजेतला कारागीर आज नवा तंबोरा करतो, तो तंबोरा कुणाच्या तरी मांडीवर बसून वाजतो, ते जास्त जिवंत नाही का? आहेच. पण काचेमागचा नमुनाच नसेल तर उद्या ताऊस करू पाहणाऱ्याला माप कुठून मिळणार? म्युझियम वाजवू शकत नाही, पण कसं केलं होतं ते विसरू देत नाही. मला वाटतं, दोन्ही लागतात. केळकरांनी त्यातलं एक काम केलं. दुसरं त्यांचं नव्हतं, आपलं आहे.

आपलं म्हणजे खरोखर आपलं. इथं एश्बॉर्नला 'श्पेरम्यूल'च्या दिवशी लोक घरातलं जुनं सामान फुटपाथवर काढून ठेवतात. आजी गेली की तिची कपाटं, दिवे, कपबशा, सगळं सकाळी बाहेर, आणि दुपारपर्यंत गाडी घेऊन जाते. आपल्यातले किती तरी जण आता याच वळणावर आलेत. आईवडील थकलेत किंवा नाहीत, पुण्या-नाशिकचा फ्लॅट रिकामा करायचाय, सुट्टी तीन आठवडे आणि सामान तेवीस किलो. माळ्यावर पितळी घंगाळ, समई, पानपुडा. विकत घेणारा फोनवर किलोचा भाव विचारतो.

सगळं कुणीच आणू शकत नाही आणि आणूही नये. आपली घरं म्युझियम नाहीत. पण केळकरांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, तिला पैसा लागत नाही आणि जागाही नाही. वस्तू मोडीत देण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघायचं. ती काय आहे, कशी चालायची, कुणाची होती, कुठून आली, हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहून ठेवायचं. फोटो काढायचा, मागे नाव लिहायचं. करणाऱ्याचं नाव माहीत असेल तर ते आधी. आणि एखादी तरी वस्तू आणून ती वापरायची. आमच्या घरी आईची वज्री आहे. तिच्यावर मोर नाही, साधीच आहे. बाथरूममध्ये असते, रोज लागते.

केळकर 17 एप्रिल 1990 ला गेले, वयाच्या 94 व्या वर्षी. भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली होती. आज संग्रहात 20,000 हून जास्त वस्तू आहेत आणि जागेअभावी एका वेळी त्यातल्या साधारण 2,500 च मांडता येतात. म्हणजे बहुतेक पक्षी अजून पेट्यांतच बसलेले आहेत. तरी जे मांडलंय ते बघायला एक अख्खा दिवस पुरत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा लक्ष्मी रोडची खरेदी आणि चितळ्यांची बाकरवडी झाली की एक सकाळ नातूबागेसाठी ठेवा. मुलांना न्या. आणि दारात पाटी वाचून मुलांनी विचारलं की हा राजा कोण, तर त्यांना सांगा, तो तुमच्याएवढाच होता.

शुभ दीपावली!